एसआरए बिल्डिंगची गच्ची, सोलर आणि बिल न परवडणारी घरं: वाटणी नक्की कशी करायची?

गच्चीवरची_तुळस

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक होणार आहे पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती, कारण अर्धवट माहितीवर आमच्याकडे मीटिंगा नुसत्या भांडणात जातायत.

आम्ही पुण्यात हडपसर भागात एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये राहतो, सात मजले, ८४ घरं. मी कमिटीवर आहे. इथली बहुतेक माणसं घरकाम, रिक्षा, सिक्युरिटी, भाजीची गाडी अशा कामांवर, काही बायका कचरा वेचायला जातात. झोपडपट्टीत होतो तेव्हा घर गळायचं पण लिफ्ट-पंपाचं बिल नावाची भानगड नव्हती, आता पक्कं घर मिळालं आणि त्याच्यासोबत मेंटेनन्स आला. कॉमन मीटरला महिन्याला साधारण ११०० युनिट जातात, दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, आणि बिल येतं सतरा-अठरा हजार. तिसरा हिस्सा घरं मेंटेनन्स भरत नाहीत, भरत नाहीत म्हणजे काहींना खरंच जमत नाही हे मला माहितीये, त्यांच्या घरात जाऊन बसलेली आहे मी. गेल्या उन्हाळ्यात कॉमन मीटरची थकबाकी वाढली आणि लाइट कापली. लिफ्ट बंद, पंप बंद. सहाव्या मजल्यावर एक आजी आहेत, डायलिसिसला जातात, त्यांना पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं आणि संध्याकाळी तसंच वर चढवलं. हंडे घेऊन बायका जिने चढत होत्या ते वेगळंच.

आणि घरातल्या मीटरचं पण तेच. एक घर असं आहे की मीटर काढून नेलाय, शेजारच्या घरातून वायर ओढून एक बल्ब आणि एक पंखा चालतो, बदल्यात शेजारणीला महिन्याला पैसे देतात. त्यांची मुलगी दहावीला आहे.

आता मुद्दा. एक सोलरवाला एजंट फिरतोय, म्हणतोय तीन किलोवॅट लावा, ७८ हजार सबसिडी, बिल शून्य. आमच्यातली पाच-सहा घरं जरा बरी आहेत, एसी वगैरे आहे, ती लगेच तयार झाली आणि कमिटीकडे गच्चीसाठी एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र मागतायत. माझ्या पोटात गोळा आलाय. गच्ची सगळ्यांची, मग ज्याच्याकडे पैसे त्याने आधी जागा धरायची का? त्यापेक्षा सगळ्यांचं मिळून लावता येईल का, आणि लावलं तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना जास्त फायदा कसा मिळेल? आणि पाच वर्षांनी काही बिघडलं तर बघणार कोण? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

---

लाइनमन_निवृत्त

ताई, पहिल्यांदा एक काम करा, त्या पाच-सहा एनओसी थांबवा. नाही म्हणू नका, जनरल बॉडीत म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेत ठराव होईपर्यंत थांबा एवढंच लेखी कळवा. कारण सांगतो. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. तुमच्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली, डिश अँटेना, कपडे वाळवायची जागा सोडून किती उरेल, फार तर दीड-दोन हजार फूट. सहा घरांनी तीन-तीन किलोवॅट लावले तर १८०० फूट गेले, गच्ची संपली, आणि उरलेल्या ७८ घरांनी काय आकाशाकडे बघायचं? ही जागा एकदा गेली की २५ वर्षं परत येत नाही, पॅनलचं आयुष्यच तेवढं असतं.

त्यामुळे आधी कॉमन मीटर. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी वेगळी सबसिडी आहे, किलोवॅटला १८ हजार. एजंट लोक हे सांगत नाहीत कारण त्यांना घरटी तीन किलोवॅट विकायचं असतं. हिशोब बघा. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिल-मेमध्ये जास्त. तुम्हाला दहा किलोवॅट पुरेल. खर्च साधारण पाच लाख धरा, १ लाख ८० हजार सबसिडी, राहिले ३ लाख २० हजार. तुमचं कॉमन मीटर महिन्याला ५०० युनिटच्या वर जातं म्हणजे वरचे युनिट सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये पडतात, म्हणून वाचतील तेही आधी महागडेच युनिट वाचतात. स्थिर आकार राहणारच, तो सोलरने जात नाही, बिल शून्य म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास वाचायला हरकत नाही. म्हणजे पावणेदोन-दोन वर्षांत पैसे वसूल.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात घ्या. एक, सबसिडी आधी मिळत नाही, सिस्टिम चालू होऊन नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) बसला की मग खात्यात येते, त्यामुळे पूर्ण रक्कम सुरुवातीला उभी करावी लागते. दुसरी फार महत्त्वाची, हे ऑनग्रिड म्हणजे बाहेरच्या वीज लाइनला जोडलेलं सोलर आहे. बाहेरची लाइट गेली की हे पण आपोआप बंद होतं, तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं, मी आयुष्यभर खांबावर काम केलंय म्हणून हे मला जास्त जवळचं आहे. म्हणजे लोड शेडिंगमध्ये लिफ्ट चालणार नाही. आणि थकबाकीमुळे कनेक्शन कापलं तर गच्चीवर पॅनल असूनसुद्धा तुमची लिफ्ट बंदच राहणार. म्हणून आधी जुनी थकबाकी हप्ते करून घेऊन मिटवा, थकबाकीच्या मीटरवर अर्ज पुढे सरकत नाही.

आणि कापताना तुम्हाला १५ दिवसांची लेखी नोटीस मिळाली होती का? वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे ती द्यावीच लागते. नसेल मिळाली तर पुढच्या वेळी गप्प बसू नका.

---

रानवाटा

काकांनी मशीनचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो, कारण सोलर एकत्र लावायचं तर गाडी अडते ती तिथेच.

पुणे जिल्ह्यातच दरेवाडी म्हणून आदिवासी वाडी आहे, ३९ घरांची. डोंगरात, लाइनच पोचली नव्हती. तिथे २०१२ मध्ये ग्रामऊर्जा या पुण्याच्या कंपनीने साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचं छोटं सौर केंद्र उभारलं, भांडवल बॉश कंपनीकडून आलं. पण मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे की गावाने स्वतःचा ट्रस्ट केला, प्रत्येक घराला मीटर दिला आणि प्रत्येक घर वापराप्रमाणे दर महिन्याला पैसे भरायला लागलं. ते पैसे ट्रस्टच्या खात्यात, देखभाल आणि पुढे बॅटरी बदलायची वेळ येईल त्याच्यासाठी. फुकट नव्हतं. गरीब वाडी आहे म्हणून फुकट द्या असं कुणी म्हटलं असतं तर पहिली बॅटरी गेली त्या दिवशी दिवे गेले असते.

याच्या उलट बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई. २०१४ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने १०० किलोवॅटची मायक्रोग्रिड म्हणजे गावापुरतं वीजजाळं केलं, देशभर गाजलं, तेव्हा माजी मुख्यमंत्री असलेले नितीशकुमार उद्घाटनाला. पण तिथली वीज सरकारी विजेपेक्षा महाग, त्यावर टीव्ही-फ्रिज चालवू नका असं सांगितलेलं, लोकांनी त्यांच्यासमोरच आम्हाला खरी वीज पाहिजे म्हणून मागणी केली. मग सरकारी लाइन आली, इकडे बॅटऱ्या तीनेक वर्षांत दमल्या, कुणी बदलल्या नाहीत, आणि त्या केंद्राच्या आवारात पुढे गुरं बांधायला लागले. मला ही गोष्ट वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण ज्यांनी केलं त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता.

तुमच्याकडे बॅटरी नाही, सरकारी लाइन आहे, त्यामुळे तुमचं काम दरेवाडीपेक्षा सोपं आहे. पण प्रश्न तोच, बिघडल्यावर बघणार कोण आणि त्याचे पैसे कुठून येणार. हे पॅनल चढवायच्या आधी ठरलं पाहिजे. नंतर ठरत नाही, नंतर फक्त भांडणं होतात.

---

चाळकरी७७

सगळं बरोबर आहे पण एक सांगू का, या सगळ्या योजना ज्याच्या नावावर मीटर त्याच्यासाठी आहेत. आमच्यासारख्यांचं काय? मी भाड्याने राहतो, एका मालकाच्या सहा खोल्या, सहा खोल्यांना मिळून एकच मीटर, आत सबमीटर लावलेत. मालक सरसकट १२ रुपये युनिट घेतो. त्याचंही पूर्ण चुकीचं नाही, सहा खोल्यांचं मिळून ४००-५०० युनिट होतात मग बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. पण माझ्या एकट्याच्या खोलीचे ६०-७० युनिटच आहेत. माझ्या नावाने मीटर असता तर मी १०० युनिटच्या आतल्या स्वस्त स्लॅबमध्ये असतो, आणि पुढच्या स्लॅबचा दर बराच जास्त आहे. म्हणजे कमी वापरून पण मी जास्त वापरणाऱ्याचा दर भरतो, सवलत वगैरे तर सोडूनच द्या. उन्हाळ्यात बायको पत्र्याच्या खोलीत दुपारी पंखा बंद करून दारात बसते युनिट वाचवायला, लहान पोराच्या अंगावर घामोळं उठतं.

मी वीज कंपनीच्या ऑफिसात वेगळ्या मीटरसाठी विचारून आलो, म्हणे मालकाची संमती आणा. मालक म्हणतो मीटर तुझ्या नावावर केला की खोली तुझी होईल. तिथेच विषय संपला.

ताई तुमच्या बिल्डिंगमध्ये पण भाडेकरू असतीलच, त्यांना विसरू नका एवढंच सांगायला लिहिलं.

---

गच्चीवरची_तुळस

काका, खूप खूप आभार, १८ हजारवाली गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. एनओसीचं उद्याच लेखी देते. नोटीस जिन्यात चिकटवली होती म्हणतात, मी तरी बघितली नाही.

रानवाटा दादा, धरनईचं वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे सोलर वॉटर हीटर बिल्डरने दिले होते ते असेच गच्चीवर गंजत पडलेत, कुणाचेच नाहीत म्हणून.

चाळकरी दादा तुमचं एकदम मान्य, आमच्याकडे दहा-बारा घरांत भाडेकरू आहेत.

पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे हो. समजा महिन्याला पंधरा हजार वाचले, ८४ घरांत वाटले तर घरामागे पावणेदोनशे रुपये. एसीवाल्या घरालाही पावणेदोनशे आणि त्या डायलिसिसवाल्या आजींनाही पावणेदोनशे. मला हे बरोबर वाटत नाही. मी म्हणत होते की आपण एक यादी करू, खरंच गरजू अशी वीस घरं, आणि सगळा फायदा पहिली काही वर्षं त्यांनाच देऊ. कमिटीत दोघांना हे पटलंय.

---

हिशोबनीस

ताई तुमचं मन मोठं आहे पण यादी करू नका. मी बऱ्याच सोसायट्यांचे हिशोब लिहिते, त्यात तुमच्यासारख्या एसआरएच्या पण आहेत, म्हणून अगदी कळकळीने सांगते.

पहिलं, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे म्हणजे नियमावलीप्रमाणे लिफ्टचा खर्च आणि सेवा शुल्क सगळ्या सभासदांत समान वाटलं जातं. कॉमन विजेचं बिल त्यातच येतं. म्हणजे बिल कमी झालं की कपातही समान येणार, वीस घरांनाच द्यायची म्हटली तर उद्या एकाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज टाकला की सगळं प्रकरण अडकलं.

दुसरं, आणि मला हे पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, ती यादी नोटीस बोर्डवर लागणार. वीस घरं गरीब म्हणून जाहीर. त्या दहावीच्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी त्याच बिल्डिंगमध्ये राहतात ना? आणि एकविसाव्या घराचं काय, ज्याची नोकरी पुढच्या महिन्यात जाणार आहे? गरिबी काही ठरलेल्या घरात मुक्काम करत नाही, आज याच्याकडे उद्या त्याच्याकडे. बीपीएलच्या याद्यांनी किती जेन्युइन माणसं बाहेर ठेवलीत हे आपण सगळ्यांनी बघितलंय, तेच आपण आपल्या जिन्यात का करायचं?

आणि समान वाटणी म्हणजे समान फायदा नाही हे पण बघा. पावणेदोनशे रुपये एसीवाल्याला कळणारही नाहीत. पण ज्याचा मेंटेनन्स सहाशे आहे आणि भरताना जीव जातो त्याचा तो सव्वाचारशे झाला तर तो भरायला लागेल, ही शक्यता खूप वाढते. भरणारी घरं वाढली की थकबाकी कमी, कनेक्शन कापलं जायची भीती कमी, लिफ्ट चालू. आजींना खरी गरज पावणेदोनशे रुपयांची नाही, लिफ्ट कधीच बंद न पडण्याची आहे. कॉमन सोलरमधून गरिबांना मिळणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि तो वाटावा लागत नाही, आपोआप पोचतो.

तरी तुम्हाला गरजूंसाठी वेगळं काही करायचंच असेल तर एक रस्ता आहे. वाचलेल्या पंधरा हजारांतले सगळे वाटून टाकू नका. दोन-अडीच हजार सोलर देखभाल खात्यात, वेगळं बँक खातं, दोन सह्या. इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) पॅनलइतका टिकत नाही, मध्ये एकदा बदलावा लागतोच, त्याचे पैसे तिथून. आणि हजार-दीड हजार अडचण निधीत. कुणाचा मेंटेनन्स किंवा घरातलं लाइट बिल थकलं तर त्यातून बिनव्याजी उचल, परत हप्त्याने. कुणाला दिली हे फक्त खजिनदार आणि एका बाई सभासदाला माहीत. हा निधी जनरल बॉडीच्या ठरावाने करा म्हणजे कुणाला बोट दाखवता येणार नाही.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो, इथे हे कम्युनिटी सोलर नावाने चालतं म्हणून सांगावंसं वाटलं. ज्यांच्याकडे स्वतःचं छप्पर नाही, अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतात, ते दुसरीकडे कुठेतरी गोडाऊनच्या छपरावर लावलेल्या सोलरचे सभासद होतात आणि त्यांच्या वाट्याच्या युनिटचं क्रेडिट त्यांच्या विजेच्या बिलात येतं. राज्याने २०१९ मध्ये पायलट केलं, नंतर कायमचं केलं. अट अशी की प्रत्येक प्रकल्पाची निदान ५१ टक्के क्षमता कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी. आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून स्वतःचं लेखी निवेदन चालतं, कागदपत्रांची चळत लागत नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू सरकारी सिनियर अपार्टमेंटमध्ये राहतात, त्यांचं बिल दर महिन्याला कमी येतं आणि त्यांनी त्यासाठी एक पैसा आधी भरलेला नाही.

चाळकरी दादांसाठी खरं उत्तर हेच आहे, मीटर कुठेही असो आणि सोलर कुठेही असो, क्रेडिट माणसाच्या बिलात. अर्थात इथेही सगळं आलबेल नाही, गरीब घरांच्या सोलरसाठी केंद्र सरकारने ७ अब्ज डॉलरचा सोलर फॉर ऑल निधी दिला होता तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये रद्द करून टाकला.

---

दिल्लीवाला_नागपूरकर

एडिसनकर म्हणतात ती पद्धत आपल्याकडे पण आहे, तिला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्याचे नियम काढले, एक सोलर प्लांट आणि त्याची वीज ठरलेल्या टक्क्यांनी अनेक मीटरांच्या बिलात वजा. दिल्लीच्या सोलर धोरणात तर २०२४ पासून कम्युनिटी सोलरचा मुद्दाम उल्लेख आहे, ज्यांना छप्पर नाही त्यांच्यासाठीच. टक्के समानच हवेत असंही काही नाही, आधी लिहून दिले तसे.

गुजरातमध्ये मोढेरा बघा, २०२२ मध्ये सौर गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घरांवर एकेक किलोवॅट आहेच पण गावासाठी जवळच सुज्जनपुरा इथे ६ मेगावॅटचा प्लांट आणि बॅटरी पण आहे. आपल्याकडे साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, शंभरेक घरं आणि सोबत शाळा, ग्रामपंचायत, रस्त्यावरचे दिवे. एक गाव ठरवतं तेव्हा काय होतं ते दिसतं. शहरातल्या बिल्डिंगला ग्रामसभा नाही हीच अडचण, म्हणून तुमची जनरल बॉडी नीट भरवा.

---

लाइनमन_निवृत्त

हिशोबनीस बाईंशी सहमत, यादी नको.

फक्त एक भर घालतो. राज्य सरकारची स्मार्ट योजना आहे, १०० युनिटच्या आत वापरणाऱ्या घरांसाठी. एक किलोवॅटला केंद्राचे ३० हजार असतातच, त्यावर बीपीएल घराला राज्याचे साडेसतरा हजार, म्हणजे ५० हजारांच्या सिस्टिमला घरातून फक्त अडीच हजार. बाकीच्या कमी वापरवाल्यांना राज्याकडून १० हजार, एससी-एसटीला १५. पण त्याला छप्पर लागतं, तिथेच तुमच्या लोकांचं अडतं. म्हणून म्हणतो, दहा किलोवॅट कॉमनचं झाल्यावर गच्चीवर जे ५००-७०० फूट उरतील ते राखून ठेवा आणि एकेक किलोवॅटच्या जागा कमी वापर असलेल्या घरांना पहिल्यांदा द्या. तीन किलोवॅट मागणाऱ्याला शेवटी. हा नियम गरीब-श्रीमंत असा होत नाही, युनिटवर होतो, बिल दाखवा आणि जागा घ्या, यात कुणाचा अपमान नाही.

आणि ज्यांचा मीटरच काढून नेलाय त्या घराचं आधी बघा. शेजाऱ्याकडून ओढलेली वायर मी बघितलेली आहे अशा ठिकाणी, साधी दिव्याची वायर असते, जॉइंटला काळी टेप, पंखा चालू झाला की गरम होते. दरवाज्याच्या फटीतून नेलेली असेल तर दर वेळी दार लावताना इन्सुलेशन कापलं जातं. आग लागायला एवढं पुरतं. अडचण निधी उभा राहील तेव्हा राहील, हे काम आज वर्गणी काढून करा, थकबाकीचे हप्ते मागून मीटर परत बसवून घ्या. अभ्यास करणाऱ्या पोरीच्या डोक्यावर ती वायर नको.

---

गच्चीवरची_तुळस

काका, ते काम झालं समजा. आज सकाळीच चौघींनी मिळून पैसे जमवले, उद्या त्या घरच्या ताईंना घेऊन वीज ऑफिसात जाते.

यादीचा विषय मी सोडला. हिशोबनीस ताई, आजींना लिफ्ट पाहिजे, पावणेदोनशे नकोत, हे तुमचं वाक्य मी कमिटीत तसंच्या तसं सांगणार आहे.

३ लाख २० हजार आणि सबसिडी येईपर्यंतचे वरचे १ लाख ८०, हे कसे उभे करायचे? आमच्या खात्यात लाखभर आहेत. आणि कुणी मला ठरावाचा मजकूर लिहून देईल का, आमच्याकडे मराठीतच लागतो आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

---

हिशोबनीस

पैशाचं असं करा. सोलरसाठी बँका कर्ज देतात, सोसायटीच्या नावाने घ्या, कुणा एका सभासदाच्या नावाने अजिबात नको. तुमची जिल्हा बँक किंवा जवळची पतसंस्था पण विचारून बघा. हप्ता वाचणाऱ्या पंधरा हजारांच्या आत बसवा, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं मेंटेनन्स फारसा कमी होणार नाही पण वाढणारही नाही, हे लोकांना आधीच स्पष्ट सांगा. सगळी सबसिडी कर्जात भरायची, ती वाटायची नाही. कर्ज फिटलं की मग कपात. एजंटने काही फुकट लावून देतो, वीज आम्हाला विका असं म्हटलं तर करार मला किंवा कुणाला तरी दाखवल्याशिवाय सही करू नका.

ठरावाचा मजकूर साधारण असा घ्या, नावं-तारखा तुमच्या:

"संस्थेच्या इमारतीची गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता असून तिचा सौर ऊर्जेसाठी वापर प्रथम सामाईक वीज जोडणीसाठी करण्यात येईल. त्यानंतर उरणाऱ्या जागेत, मागील बारा महिन्यांत ज्या घरांचा सरासरी वापर १०० युनिटपेक्षा कमी आहे अशा घरांना प्रत्येकी एक किलोवॅटपर्यंत प्राधान्य राहील. सामाईक सौर संचातून होणाऱ्या बचतीतून प्रथम कर्जाचा हप्ता, नंतर सौर देखभाल खाते व अडचण निधी यांत ठरावीक रक्कम जमा करून उरलेली बचत मासिक शुल्कात समान कपात म्हणून देण्यात येईल. सौर देखभाल खात्यातील रक्कम अन्य कोणत्याही कारणासाठी वापरली जाणार नाही."

---

चाळकरी७७

ताई यात भाडेकरूंचं एक वाक्य टाकाल का? नाहीतर मेंटेनन्स भाडेकरू भरणार आणि कपात मालकाच्या खिशात जाणार.

---

हिशोबनीस

अगदी बरोबर, राहिलंच होतं. हे जोडा: "मासिक शुल्क प्रत्यक्षात भाडेकरू भरत असल्यास कपातीची नोंद असलेली पावती त्यालाच देण्यात येईल, व कपातीचा लाभ त्यालाच देणे संबंधित सभासदावर बंधनकारक राहील."

---

लाइनमन_निवृत्त

मीटिंगच्या आधी कॉमन मीटरच्या बारा महिन्यांच्या बिलांच्या झेरॉक्स काढून ठेवा, व्हेंडर पहिल्यांदा तेच मागतो. गच्चीवर सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला जाऊन टाकीची सावली कुठपर्यंत येते ती खडूने आखून घ्या आणि फोटो काढा, नाहीतर व्हेंडर सावलीत पॅनल बसवून मोकळा होतो. कोटेशन निदान तीन घ्या, तिन्हीत भारतीय बनावटीच्या सेलचं पॅनल म्हणजे डीसीआर लिहिलेलं पाहिजे, त्याशिवाय सबसिडी नाही. व्हेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेलाच हवा आणि पाच वर्षांची देखभाल त्याच किमतीत लिहून घ्या. पॅनल धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि युनिट पडतात, टाकीतलं गोडं पाणी आणि मऊ फडकं, सकाळी ऊन चढायच्या आत. वॉचमनला दर पंधरा दिवसांनी करायला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. गच्चीची एक चावी कमिटीबाहेरच्या माणसाकडे पण असू द्या.

कोटेशन आली की इथेच टाका, मी बघून सांगतो.